ढेकळाचा चौथा डाव

भात पिवळं पडायला लागलं की मुरबाडच्या बाजारपेठेत माणूस दिसेनासा होतो. जीपवाले कल्याणच्या दिशेला तोंड करून उभे असतात, पण ओरडत नाहीत. ओरडून ऐकणार कोण? सगळे शेतात. मी झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ पुसते, कागदाचे गठ्ठे सरळ करते, आणि दुपारी लाईट गेली की दुकानाच्या पायरीवर येऊन बसते. ऊन चटके देत असतं. हवेला कापलेल्या भाताचा ओलसर, गोडूस वास असतो. दरवर्षी याच दिवसांत मला तो खेळ आठवतो.

मागचं आठवत बसण्याची मला सवय नाही. तेवढा वेळही नसतो. ही एक आठवण मात्र येते, कारण वास येतो, आणि वास काही विचारून येत नाही.

तेव्हा या दुकानात झेरॉक्स मशीन नव्हतं, कॉम्प्युटर क्लास होता. सरकारी नोकरीला कॉम्प्युटरची परीक्षा लागते असं झालं आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात क्लास निघाले, तशातलाच आमचा एक. सहा कॉम्प्युटर, एक पंखा, आणि लाईट गेल्यावर दोन कॉम्प्युटर चालतील एवढी बॅटरी. शिकवायचं काम माझं. पोरं जमवायचं काम नवऱ्याचं. रक्षाबंधनाला त्याने चौकात बोर्ड लावला: भावाच्या प्रवेशावर बहीण मोफत.

मी म्हटलं, "बहीण काय चहाच्या पुड्याबरोबरचा चमचा आहे?"

तो म्हणाला, "अगं, त्या निमित्ताने मुली येतील तरी."

आल्या नाहीत. भाऊ आले, बहिणींना कुणी आणलं नाही, फुकट असूनही. अपवाद एकच. टोकावड्याच्या अलीकडे रस्ता आत वळतो तिथल्या गावाहून काथोड नावाचे शेतकरी दोन्ही मुलांना घेऊन आले. मुलगा महेश, नुकताच बारावी झालेला, खुर्चीत बसला की गुडघा हलवणारा. त्याच्यामागे दाराशी एक मुलगी, त्याच्याहून वर्षभराने मोठी.

"ह्याला शिकवा मॅडम," काथोडभाऊ म्हणाले.

"आणि ही?"

"ही? ही फुकटवाली!"

ते स्वतःच हसले. मुलगीही हसली, मनापासून हसली. ती सुगंधा. दहावीला इंग्रजी आणि गणित राहिलं तेव्हापासून घरीच होती. पहिल्या दिवशी मी "बस" म्हणेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

दोन महिन्यांत ती महेशच्या पुढे गेली, हे सांगून टाकते. ती हुशार होती असं मी म्हणणार नाही, तो शब्द मी जपून वापरते. ती न कंटाळता बघायची. एखादं बटण दाबल्यावर काय होतं ते बघायची, मग पुन्हा दाबून बघायची. महेशला उत्तर हवं असायचं. हिला काय होतंय ते हवं असायचं.

खेळ आणला पक्याने. पक्या बाजारातल्या भांडीवाल्याचा मुलगा, शेती नाही, त्यामुळे कापणीच्या दिवसांत क्लासला न चुकता हजर. कल्याणच्या स्टेशनबाहेरून त्याने एक सीडी आणली होती. त्यात विचित्र जनावरं होती. पेटलेल्या आयाळीची, दगडी पाठीची, विजेच्या शेपटीची. तुम्ही तुमची निवडायची, समोरच्याने त्याची निवडायची, आणि झुंज लावायची. धावायचं नाही, नेम धरायचा नाही. प्रत्येक जनावराला चार डाव. आपण एक डाव ठरवायचा, समोरचा एक ठरवणार, मग दोन्ही डाव पडद्यावर पडणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ नव्हतं. तुम्ही बटण दाबत नाही तोवर खेळ थांबून राहायचा. सगळी जनावरं जागच्या जागी श्वास घेत उभी. एकदा पक्या वडापाव आणायला गेला आणि परत येऊन पुढचा डाव टाकला.

क्लासमध्ये मी खेळ का चालू दिला? कापणीमुळे पोरं चार उरली होती आणि रोज दुपारी लाईट जात होती. दोन कॉम्प्युटरवर चौघांना तेच तेच टायपिंग किती करायला लावणार? मी वायर जोडून दिली. एका कॉम्प्युटरवर महेश-सुगंधा, दुसऱ्यावर पक्या आणि त्याचा मित्र. जोडीने झुंज, पडद्यावर एका वेळी चार जनावरं. सुगंधा आणि महेश सकाळी भात कापून जीपने यायचे. हातांवर पात्यांचे बारीक ओरखडे, केसांत काड्या. संध्याकाळी कीबोर्ड उलटा करून झटकला की भाताचा कोंडा पडायचा.

खेळातली अक्षरं इंग्रजी नव्हती. चिनी की जपानी, आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे जनावरांची नावंही वाचता येत नव्हती आणि डावांचीही. पोरांनी आपली नावं ठेवली. पेटलेली आयाळ तो वणवा. दगडी पाठ ती घोरपड. आणि एक होतं मातीच्या रंगाचं, गोलसर, डोळे मिचकावणारं, चालतानाही जागीच असल्यासारखं दिसणारं. ते ढेकूळ.

पक्याच्या मते जनावरांच्या तीन जाती होत्या: घ्यायची, नाइलाजाने घ्यायची, आणि ढेकूळ. ढेकळाचा पहिला डाव म्हणजे हलकासा धक्का. दुसरा, अंग आखडून बसणं. तिसरा, जोडीदाराच्या पुढे जाऊन आडवं पडणं. आणि चौथा दाबला की काहीच व्हायचं नाही. एक फुस्स आवाज आणि बारी फुकट.

बारी म्हणायचं, हेही ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी सुगंधाने सरळ विचारलं, "आता पाळी कुनाची हाय?" आणि पक्या नि त्याचा मित्र तोंडावर हात ठेवून खुसखुसायला लागले. महेशचे कान लाल. सुगंधाने त्या दोघांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काय रं, तुमच्या आयांना येत नाय का?" खुसखुस बंद झाली. मी दुसरीकडे बघून हसू गिळलं. पण त्यानंतर तीही बारी म्हणायला लागली. जिंकलेली लढाई माणूस कशी सोडून देतो, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

जनावरं निवडताना महेशने वणवा घेतला. जोडीला त्याने सुगंधाला घोरपड घ्यायला सांगितली. तिने ढेकूळ घेतलं.

"ए सुगंधा, कच्चा लिंबू घेतलास काय गो?" पक्या म्हणाला. खेळात लहान पोरांना घेतात, पण धरत नाहीत, तसा. आऊट झाला तरी आऊट नाही, जिंकला तरी जिंकला नाही.

"असू दे. तू तुझं बघ."

झुंज सुरू झाली. तिने तिसरा डाव टाकला. ढेकूळ वणव्याच्या पुढे जाऊन आडवं पडलं. पक्याचे आणि मित्राचे दोन्ही वार ढेकळावर. वणव्याला खरचटलंही नाही, आणि त्या बारीत तो तापून घेत होता. पुन्हा आडवं. पुन्हा दोन्ही वार ढेकळावर. तिसऱ्या बारीला ढेकूळ कोसळलं, आणि तापलेल्या वणव्याने समोरचं सगळं एका फुंकरीत राख केलं.

"महेश जिंकला!" पक्याचा मित्र म्हणाला. तो हरलेल्या बाजूचा होता, तरी टाळ्या वाजवत होता.

मी सुगंधाला विचारलं, "हे कसं सुचलं तुला?"

ती म्हणाली, "मॅडम, बांध फुटला तर आमी काय घालतो? ढेकूळच घालतो ना? वणवा घालतो का?"

मला ते उत्तर फार आवडलं. घरी जाऊन नवऱ्यालाही सांगितलं. ज्याला कुणी विचारत नाही, त्याचा उपयोग शोधून काढला पोरीने, असं म्हणाले. त्या दिवाळीपर्यंत ती जोडी हरली नाही. शहापूरहून पक्याचा आतेभाऊ खास खेळायला आला. तिकडे म्हणे मोठा सायबर कॅफे होता आणि हा तिथला राजा. तोही हरून गेला. प्रत्येक वेळी ढेकूळ मरायचं, आणि प्रत्येक वेळी महेश जिंकायचा.

उपयोग हा शब्द मी तेव्हा सहज वापरला. आता वापरताना अडखळते. कमी लेखलेल्याचा उपयोग करायच्या दोन रीती असतात. एक, त्याच्यात काय आहे ते बघून त्याच्याभोवती डाव रचायचा. दुसरी, तो गेल्याने आपलं फार काही जात नाही म्हणून त्याला पुढे करायचा. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींचं कौतुकही सारखंच होतं. घरात कोण आडवं पडतं, हे बघत गेलं की कळतं कुठली रीत चालू आहे. पण बघतो कोण? सगळ्यांची नजर वणव्यावर असते.

परवा महेश दुकानात आला. आता तो तिशीकडे झुकलाय. बदलापूरकडच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आहे, लग्न झालंय, एक मुलगा शाळेत. पोरगा चांगला आहे, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. येताना नव्या भाताचे पोहे आणतो, प्रिंटर अडला असेल तर बसून दुरुस्त करून देतो. या वेळी पोह्यांबरोबर वकिलाने लिहून दिलेला मजकूर होता.

"मॅडम, हक्कसोड टाईप करायचं हाय."

काथोडभाऊ दोन वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर तीन नावं चढली: आई, महेश, सुगंधा. टोकावड्याच्या रस्त्याला हल्ली मुंबईची माणसं गाड्या थांबवून डोंगर बघतात आणि जमिनीचा भाव विचारतात. सगळीकडे फार्महाऊसचे बोर्ड. महेशला एक तुकडा विकून बदलापूरला खोली घ्यायची आहे. रोजचं जाऊन-येऊन त्याचे चार तास रस्त्यात जातात. यात चूक काय आहे? मलाही सापडली नाही.

"ताईला विचारलंस?"

"इचारायचं काय मॅडम? ती नाय बोलनारच नाय."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मला बोचलं.

हक्कसोडाची भाषा मला पाठ आहे. या दुकानात मी तेवढे कागद टाईप केलेत. बहीण लिहून देते की वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला सोडला. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, बंधुप्रेमापोटी. सह्या झाल्यावर साडी देतात. जी बहीण सही करत नाही तिला कुणी वाईट बोलत नाही. फक्त भाऊबीजेला बोलावणं येत नाही, आणि आई आजारी पडली तर उशिरा कळतं. भगिनीप्रेमापोटी भावाने काही सोडल्याचा कागद अजून माझ्याकडे टाईपला आलेला नाही. आला तर मी तो फुकट करून देईन.

मी टाईप केलं. माझा धंदा आहे तो.

पुन्हा त्या वर्षाकडे येते. दिवाळी झाली, कापणी निम्म्यावर आली, आणि पाऊस आला. आभाळ दुपारी काळं झालं आणि जायचं नाव घेईना. कापलेलं भात शेतात पसरलेलं. ते भिजलं की दाण्याला मोड येतात, एका वर्षाचं खाणं जागेवर कुजतं. परीक्षा कल्याणला होती आणि तारीख वरून ठरून आलेली. क्लासला महेशही येईना आणि सुगंधाही. म्हणून मी छत्री घेतली आणि एसटीने फाट्यापर्यंत, तिथून चिखलातून त्यांच्या गावाला गेले.

शेतात पाणी होतं आणि पाण्यावर भात तरंगत होतं. तिघं मिळून ओले भारे बांधावर आणत होते. आईचा मणका सरकलेला, ती घराच्या ओट्यावरून नुसती बघत होती.

"बसा मॅडम," काथोडभाऊ म्हणाले आणि मग इकडे तिकडे बघून स्वतःच म्हणाले, "कुठं बसनार म्हना, सगळं पानीच हाय."

"परवा दोघांची परीक्षा आहे."

"महेश जाईल."

"आणि सुगंधा?"

त्यांनी हातातला भारा टेकवला. अंगावरचं पाणी निथळत होतं. "मॅडम, दोन हात सोडीन मी. चार कसं सोडू? तुमीच सांगा. तिचं काय, भात उचलून झालं का बघू."

तो माणूस उद्धटपणे बोलला असता तर मला भांडता आलं असतं. तो माझ्याकडे उत्तर मागत होता. मी पाण्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं. दोघं गेले तर भात जाणार होतं. एकाने जायचं तर कुणी, हे त्या घरात कुणी ठरवलंही नव्हतं. ते आधीच ठरलेलं होतं.

सुगंधा गुडघाभर पाण्यात, डोक्यावर भारा. तोंडावर पाण्याच्या धारा, त्यामुळे डोळे अर्धवट मिटलेले.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"जाऊ दे मॅडम महेशला. मी हाय ना आडवी पडायला."

महेश हसला. खेळातला शब्द त्याला कळला. मलाही कळला. काथोडभाऊंना काही कळलं नाही, ते पुढचा भारा बांधायला वाकले. ती तशीच पाणी कापत बांधाकडे गेली.

महेशने परीक्षा दिली आणि पास झाला. त्याने पेढे आणले. पास होण्याएवढा अभ्यास त्याने केला होता, ते श्रेय त्याचंच. सुगंधाला पुढच्या फेरीला बसता आलं असतं. मी निरोप पाठवला. भात उचलून झालं होतं, पण झोडायचं होतं. झोडून झालं तेव्हा पेंढा रचायचा होता. पेंढा रचून झाला तोवर तुळशीची लग्नं होऊन गेली आणि खर्डीहून तिला बघायला आले. पत्रिका द्यायला महेशच आला होता. पत्रिकेवर तिच्या नावापुढे शिक्षण लिहिलं नव्हतं. त्याच्या नावापुढे होतं.

त्या मधल्या दिवसांत क्लास अगदीच रिकामा होता. नवरा कल्याणला खेपा घालत होता. मी एकटी बसले होते, आणि एका दुपारी मी तो खेळ लावला. खेळाची मला आवड नाही. पण मनात काहीतरी अडकलं होतं आणि हाताला काम नव्हतं. मी ढेकूळ घेतलं, दोन्ही बाजूंनी मीच खेळले, आणि ठरवलं की या वेळी ढेकळाला मरू द्यायचं नाही. त्याला मार बसला की मागे घ्यायचं, आखडून बसवायचं. एकदा ते अगदी शेवटाला आलं. जीव दाखवणारी पट्टी काडीएवढी उरली. पुढचा धक्का लागला की संपणार. आणि माझं बोट चुकून चौथ्या डावावर पडलं.

या वेळी फुस्स झालं नाही. पडद्यावरची जमीन हलली. समोरच्या दोन्ही जनावरांच्या भरलेल्या पट्ट्या सरसर खाली आल्या आणि काडीएवढ्या होऊन थांबल्या. ढेकळाएवढ्याच. म्हणजे तो डाव इतके दिवस निकामी नव्हता. ढेकूळ मरायला टेकलं असेल आणि तरीही उभं असेल, तरच तो चालत होता. आणि आमच्याकडे ढेकळाला तिथवर उभं कुणी राहू दिलं होतं?

मी दोनदा पुन्हा करून पाहिलं. चुकून झालेलं नव्हतं.

मला तेव्हाच जीप धरून तिला जाऊन सांगावंसं वाटलं. मग वाटलं, सांगून काय करायचं आहे? तिच्या हळदीला खेळातली गोष्ट सांगायला मी काय वेडी आहे? राहून गेलं. पक्याने सीडी परत नेली. पुढे क्लासला पोरं कमी झाली, कॉम्प्युटर विकले, झेरॉक्स मशीन आणलं.

हक्कसोडाचा कागद तयार झाला आणि आज सुगंधा आली. महेशने तिला सांगितलं होतं की मी कचेरीत नंबर लावतो, तू मॅडमकडून कागद घेऊन ये. खर्डीहून शहापूर, शहापूरहून जीप. बरोबर चारेक वर्षांची मुलगी. सुगंधा पूर्वीपेक्षा वाळली आहे. हातांवर तेच ओरखडे, म्हणजे तिकडेही कापणी चालू असणार.

"मॅडम, तुमी जाड झाल्या," ती म्हणाली.

"तू बस आधी."

या वेळी ती भिंतीला उभी राहिली नाही, बसली. लाईट नव्हती. मी कागद हातात दिला. तिने तो वाचला. बोट ठेवून, ओळ न ओळ. माझ्याकडे येणाऱ्या बहिणी वाचत नाहीत, सही कुठे करायची ते विचारतात. मुलगी बंद मशीनची बटणं दाबत होती.

"राजीखुशीने," सुगंधा मोठ्याने म्हणाली आणि थांबली.

ते सगळ्याच कागदात असतं, असं मी म्हणणार होते. त्याऐवजी तोंडातून खेळच आला. म्हटलं, "तुला ते ढेकूळ आठवतं? त्याचा चौथा डाव फुसका नव्हता गं. मला नंतर सापडलं. मरायला टेकलं की..."

"सगळ्यांना आपल्याएवढं करतं," ती म्हणाली. "मला म्हायती होतं."

"माहीत होतं?"

"तुमी चहाला जायच्या ना, तवा मी येकटी बघायची. काय दाबलं का काय होतं ते."

"मग एकदाही टाकला नाहीस?"

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मॅडम, तुमी येकट्या खेळलात ना? तुमी तवा बाजूला कोन ठेवला होता?"

मला आठवेना. मी बहुतेक बाजूची जागा रिकामीच ठेवली होती.

"बाजूवाला पन खाली येतो. समोरचं दोन येतात आन आपलापन येतो. महेशचा वणवा काडीवर आला असता. मंग ज्याची पाळी आधी तो जिंकनार. आमी जिंकलो असतो, नायतर हारलो असतो. महेशला हारायला आवडत नाय."

पाळी म्हणाली ती. हसायला तिथे कुणी नव्हतं.

इतकी वर्षं मी समजत होते की त्या मुलीला तिच्या हातात काय आहे ते माहीत नव्हतं. माहीत नसणं सोपं असतं. तेवढं तरी आपण शिकवू शकतो. माहीत असून हात बाजूला ठेवणाऱ्या माणसाला काय शिकवायचं? आणि तिने हात पुढे केला तर काय होईल, हेही मला दिसत होतं. सही नाही म्हणजे विक्री नाही. महेशची खोली नाही, त्याच्या पोराची शाळा नाही, आई तिथेच ओट्यावर. आणि हिचं माहेर बंद. सगळ्यांच्या पट्ट्या काडीएवढ्या. तिने तो डाव टाकावा असं मला वाटत होतं का? मला खरंच सांगता येत नाही.

तिचा मोबाईल वाजला. महेशचा आवाज मला पायरीपर्यंत ऐकू आला. "ताई, कुठं हायस? नंबर येतोय, लवकर ये."

सुगंधा बाहेर बघत होती. रस्त्यावर ऊन, आणि भाताचा तो वास.

"महेश," ती म्हणाली, "भात उचलून झालं का बघू."

पलीकडून, "कुनाचं भात? आपलं कवाच झालं."

"माझं. खर्डीला कापून पडलंय."

तिने फोन बंद केला. आवाज चढला नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता. बापाने जसं म्हटलं होतं, अगदी तसंच ती म्हणाली, तेवढ्याच साधेपणाने. कागद तिने फाडला नाही. नीट चार घड्या घालून पिशवीत ठेवला, वर मुलीचा स्वेटर टाकला.

"सही करणार आहेस की नाही?" मी विचारलं. मला सरळ विचारायची सवय आहे.

"बघू ना मॅडम," ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन शहापूरच्या जीपकडे गेली. जीप भरायला वेळ लागणार होता. कापणीचे दिवस. ती खिडकीशी निवांत बसलेली मला पायरीवरून दिसत होती.

जीप सुटली आणि पाठोपाठ महेश आला, घामाघूम. रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या खेळात पेटलेला वणवा कधी कधी असाच उभा राहायचा, अंगात सगळी ताकद घेऊन, दुसऱ्याचं बटण दाबलं जाईपर्यंत काहीच करता न येणारा.

"कागद घेऊन गेली?"

"हो."

तो पायरीवर बसला. बाहीने घाम पुसत म्हणाला, "मॅडम, खर्डीला भात उचलायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, "ज्याचं भात त्याला माहीत." आणि लाईट आली होती म्हणून आत गेले.